जीएसटी सारखा बदलतोय, मग खान्देशातल्या व्यापाऱ्याने नेमकं काय आणि कधी बघायचं?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, एकदा नंबर घेतला, कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकलं की झालं, व्हॅटपेक्षा सोपं. पण तेव्हापासून नियम काही एका जागी थांबलेले नाहीत. २०१८ ला ई-वे बिल (माल गाडीने न्यायच्या आधी ऑनलाइन काढायचा कागद) आलं, जुलै २०२२ मध्ये पॅकिंगच्या डाळीवर टॅक्स लागला, ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं झालं, ऑक्टोबर २०२४ ला पोर्टलवर आयएमएस (आपल्या नावाने आलेली बिलं स्वीकारायची-नाकारायची सोय) सुरू झालं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर १२ आणि २८ टक्क्याचे स्लॅबच गेले, आता बहुतेक मालाला ५ किंवा १८ आणि मोजक्या मालाला ४०. एवढं सगळं पाठ कोण करणार? माझं स्पष्ट मत आहे की पाठ करायची गरजच नाही. आपला माल टॅक्सच्या यादीतल्या कोणत्या नोंदीत बसतो, तो कुठे चालला, कोणत्या तारखेला काय घडलं आणि समोरच्या पार्टीने पोर्टलवर काय दाखवलं, एवढ्या चार गोष्टी दर महिन्याला बघायची सवय लागली तर दर कितीही वेळा बदलू द्या, तुमचं नुकसान होत नाही. खाली एकेक करून सांगतो, उदाहरणं आपल्याच भागातली घेतो.

आधी बघा नंबर लागतो का

महाराष्ट्रात फक्त मालाचा धंदा असेल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी, सेवा देत असाल तर २० लाखांच्या वर. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातली केळी, कापूस, मिरची विकली तर त्याला नंबर लागत नाही, मग ती रक्कम कितीही असो. फक्त करमुक्त माल विकणाऱ्यालाही लागत नाही.

पण इथे एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. ४० लाख मोजताना करमुक्त विक्रीसुद्धा धरतात. समजा तुमची सुट्ट्या डाळीची, म्हणजे ५० किलोच्या कट्ट्यांची विक्री २ कोटी आहे, त्यावर टॅक्स नाही म्हणून नंबर नाही, सगळं बरोबर चाललंय, आणि मग मुलगा म्हणतो आपण १ किलोची पाकिटं पण काढू. ज्या दिवशी पहिलं पाकीट विकलं त्या दिवशी तुम्ही 'फक्त करमुक्त' राहिले नाहीत, आणि उलाढाल तर आधीच ४० लाखांच्या वर आहे. म्हणजे पाकिटांची विक्री ५० हजारांचीच असली तरी नोंदणी लागते. नवीन काही सुरू करायच्या आधी हे बघा, नंतर नाही. आणि एकाच पॅनवर दोन दुकानं असतील, एक जळगावला एक पाचोऱ्याला, तर दोघांची उलाढाल एकत्र मोजायची.

दुसरी गोष्ट सीमेची. आपला खान्देश एकीकडे गुजरातला आणि एकीकडे मध्य प्रदेशला लागून आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. रावेरहून बऱ्हाणपूर, शिरपूरहून सेंधवा, तळोद्याहून गुजरात, सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आपल्याला तो परमुलूख वाटतच नाही. कायद्याला मात्र वाटतो. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल १० लाख असली तरी नोंदणी सक्तीची होते, ४० लाखांची सूट तिथे चालत नाही. रावेरच्या दुकानदाराने बऱ्हाणपूरला माल पोचवून दिला तर त्यावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीचा टॅक्स) नाही, आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा टॅक्स) लागतो. चुकून एकाच्या जागी दुसरा टॅक्स भरला तर बरोबर हेडमध्ये परत भरून पहिल्याचा रिफंड मागता येतो, त्यावर व्याज लागत नाही, पण पैसा अडकून पडतो तो पडतोच.

कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यासाठी उलाढालीवर ठराविक टक्का भरायच्या योजनेत, जायचं का हा प्रश्न नेहमी येतो. १.५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर व्यापारी १ टक्का भरून मोकळा, तिमाहीला १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हा फॉर्म आणि वर्षाचं जीएसटीआर-४ हे रिटर्न ३० जूनपर्यंत. गावातल्या किराणा दुकानाला हे छान आहे. पण ज्याचं गिऱ्हाईक सीमेपलीकडचं आहे किंवा ज्याचे खरेदीदार स्वतः नंबरवाले आहेत त्याने विचार करून जावं, कारण कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही, आणि त्याच्या बिलावर खरेदीदाराला एक रुपयाचंही क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट) मिळत नाही, मग तो खरेदीदार हळूहळू दुसरीकडे जातो.

नवीन नंबर घ्यायचा असेल तर १ नोव्हेंबर २०२५ पासून एक सोय झाली आहे, ज्याचा नंबरवाल्यांना होणाऱ्या विक्रीवरचा टॅक्स महिन्याला २.५ लाखांच्या आत राहणार आहे त्याला आधार पडताळणी करून ३ कामाच्या दिवसांत नोंदणी मिळू शकते. नंबर आला की बँक खातं पोर्टलवर टाकायला विसरू नका, त्यासाठी ३० दिवस असतात, नाहीतर नोंदणी सस्पेंड होते. दुकानाच्या बोर्डावर नंबर लिहा आणि सर्टिफिकेट आत दिसेल असं लावा.

माल कोणत्या नोंदीत बसतो

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण एकच माल थोडा बदलला की दर बदलतो, आणि आपल्या भागात तर हे जागोजागी दिसतं.

नंदुरबारची मिरची घ्या. ताजी ओली मिरची, हिरवी असो की लाल, टॅक्स शून्य. व्यापाऱ्याने तीच ओली लाल मिरची घेऊन पथारीवर वाळवली की ती मसाल्याच्या नोंदीत जाते, ५ टक्के. माल तोच, पण मध्ये पंधरा दिवस ऊन लागलं. खरेदीचं बिल शून्याचं म्हणून विक्रीचंही शून्याचं काढलं तर काही वर्षांनी व्याजासकट वसुली निघते, आणि तोपर्यंत गिऱ्हाईकाकडून तो टॅक्स मागता येत नाही.

जळगावच्या डाळ मिलवाल्यांसाठी २५ किलोची रेषा महत्त्वाची. लेबल लावलेलं २५ किलोपर्यंतचं पॅकिंग ५ टक्के, त्याच्यावरचा कट्टा करमुक्त. दोन्ही विकत असाल तर बारदान, मशिनरीचे पार्ट, पॅकिंग मटेरियल यांचं क्रेडिट पूर्ण घेता येत नाही, करमुक्त विक्रीच्या प्रमाणात परत करावं लागतं. जिनिंगबरोबर तेल घाणी असेल तर तसंच, सरकी ढेप करमुक्त आहे म्हणून त्या वाट्याचं क्रेडिट सोडावं लागतं. हा हिशोब महिन्याच्या महिन्याला करा आणि वर्ष संपल्यावर पूर्ण वर्षाचा एकदा परत करा, मार्चमध्ये एकदम बसाल तर आकडे सापडत नाहीत.

ठिबकवाले आणि शेती अवजारांवाले यांना सप्टेंबर २०२५ च्या बदलाचा सगळ्यात मोठा फरक पडला. ठिबक संच, तुषार संच, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर आले, ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५. पण प्लास्टिकचा दाणा १८ टक्क्यावरच आहे. म्हणजे ठिबकची नळी बनवणारा छोटा कारखानदार कच्चा माल १८ ने घेतो आणि तयार माल ५ ने विकतो, क्रेडिट साचत जातं. यासाठी कायद्यात रिफंडची सोय आहे, कच्च्या मालाचा दर तयार मालापेक्षा जास्त असेल तर न वापरलेल्या क्रेडिटचा रिफंड मागता येतो. मात्र मशिनरीवरचं आणि सेवांवरचं क्रेडिट त्यात धरत नाहीत, आणि मुदत २ वर्षांची. ज्यांनी अजून अर्ज केलेला नाही त्यांनी आपल्या सीएकडे हा विषय आजच काढा, हा तुमचा हक्काचा पैसा आहे.

बिलावर एचएसएन कोड (मालाचा ठरलेला आकडी कोड) लिहायचा, ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर ४ अंकी आणि त्याच्यावर ६ अंकी. सॉफ्टवेअरमध्ये आयटम मास्टर, म्हणजे मालाची यादी, एकदा बसून तपासा, कोणीतरी २०१७ ला टाकलेला कोड अजून तसाच चालत असतो.

दर बदलला त्या दिवशी कोणता दर?

२२ सप्टेंबरच्या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ इथे झाला, आणि पुढे दर बदलतील तेव्हाही होणार, म्हणून नीट समजून घ्या. जीएसटी कायद्याचं कलम १४ वाचायला अवघड आहे पण त्याचा अर्थ साधा आहे. तीन गोष्टींच्या तारखा बघायच्या: माल कधी दिला, बिल कधी फाडलं, पैसे कधी आले. यातल्या दोन गोष्टी ज्या बाजूला पडतात तो दर. माल १८ सप्टेंबरला दिला, बिल १८ लाच फाडलं, पैसे दिवाळीत आले, दोन गोष्टी आधीच्या, जुना दर. बिल २० ला फाडून ठेवलं पण माल २५ ला गेला आणि पैसेही नंतर आले, दोन गोष्टी नंतरच्या, नवा दर. फक्त बिलाची तारीख बघून चालत नाही. म्हणूनच चलन, गेटपास, बँकेची नोंद हे सगळं जपून ठेवा, वाद झाला तर हाच पुरावा.

स्टॉकचं काय? अमळनेरच्या एखाद्या ठिबक डीलरचं उदाहरण धरा. त्याच्याकडे १० लाखांचा माल १२ टक्क्याने घेतलेला पडून होता, म्हणजे १,२०,००० चं क्रेडिट त्याने घेतलेलं होतं. हाच माल नंतर ११ लाखांना ५ टक्क्याने विकला, टॅक्स झाला ५५,०००. उरलेले ६५,००० बुडत नाहीत, क्रेडिट लेजरमध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या खात्यात) राहतात आणि पुढच्या विक्रीला वापरता येतात. पण त्याचा रिफंड मिळत नाही, कारण तोच माल घेऊन तोच विकणाऱ्या व्यापाऱ्याला फक्त दर कमी झाला म्हणून रिफंड देत नाहीत. तेव्हा दर उतरणार अशी पक्की खबर आली की नवीन स्टॉक भरताना हात आखडता घ्यावा. माल पूर्ण करमुक्त झाला तर मात्र गोष्ट वेगळी, मग त्या दिवशी पडून असलेल्या स्टॉकवरचं क्रेडिट परत करावं लागतं.

आणि जुना माल परत आला तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) मूळ बिलाच्याच दराने काढायची. १२ ने विकलेला माल आज परत आला तर क्रेडिट नोट १२ चीच, ५ ची नाही. सॉफ्टवेअर आपोआप नवा दर टाकतं, तो हाताने बदला.

गाडी निघायच्या आधी

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर ई-वे बिल, दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर ५० हजारांच्या वर, आणि रक्कम टॅक्स धरून मोजायची. जळगावहून धुळ्याला ८० हजारांचा माल बिनधास्त जातो, तोच सेंधव्याला गेला तर ई-वे बिल पाहिजे, आणि नेमकं इथेच गाड्या अडतात. २०० किलोमीटरला १ दिवस, म्हणजे ३५० किलोमीटरला २ दिवस मुदत. गाडी बिघडली तर मुदत संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासांपर्यंत वाढवता येते. ड्रायव्हरला हे सांगून ठेवा की गाडी बंद पडली तर आधी फोन कर, मग मेकॅनिक शोध. गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या भाग-बी मध्ये गाडीचा नवा नंबर टाका.

ताजी केळी, भाजीपाला अशा करमुक्त मालाला ई-वे बिल लागत नाही, पण गाडीत काहीतरी कागद असावा, बिल ऑफ सप्लाय (करमुक्त मालाचं बिल) नाहीतर चलन. ई-वे बिल नसताना गाडी पकडली तर टॅक्सच्या दुप्पट दंड आहे, करपात्र मालाला. ५ टक्क्याच्या ४ लाखांच्या मालावर टॅक्स २० हजार, दंड ४० हजार, आणि चार दिवस गाडी उभी ते वेगळं.

महिन्याचा हिशोब, आणि त्यातही २बी

तारखा आधी. दरमहा भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीची बिलं दाखवायचं रिटर्न) ची ११ तारीख, ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) ची २०. तिमाहीवाल्यांना, म्हणजे ५ कोटींच्या आतल्या ज्यांनी ती योजना घेतली आहे त्यांना, तिमाही संपल्यावर जीएसटीआर-१ ची १३ आणि आपल्या महाराष्ट्रात ३बी ची २२, आणि पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, निल (व्यवहारच नाही असं रिटर्न) असेल तर २०, आणि टॅक्स थकला तर वर्षाला १८ टक्के व्याज. निल आहे म्हणून रिटर्न भरलंच नाही असं करू नका, नंबर रद्द होण्याची प्रकरणं बऱ्याचदा निलपासूनच सुरू होतात. आता तर मुदत उलटून ३ वर्षं झाली की ते रिटर्न भरताच येत नाही.

आता क्रेडिट. १ जानेवारी २०२२ पासून साधा नियम आहे, समोरच्याने बिल पोर्टलवर दाखवलं आणि ते तुमच्या २बी मध्ये (पोर्टलने तयार केलेल्या तुमच्या खरेदी बिलांच्या यादीत) आलं तरच क्रेडिट. तुमच्याकडे कागदी बिल आहे, माल आला, पैसे दिले, तरी २बी मध्ये नसेल तर त्या महिन्यात नाही. २बी १४ तारखेला तयार होतं. १४ ते २० मध्ये सहा दिवस मिळतात, ते या कामासाठी राखून ठेवा. खरेदीची वही आणि २बी शेजारी शेजारी ठेवा, जे बिल दिसत नाही त्या पार्टीला त्याच दिवशी फोन. बऱ्याचदा पार्टी तिमाहीवाली असते आणि मधल्या महिन्यात बिलं अपलोड करत नाही, तिला पोर्टलवरच्या आयएफएफ या सोयीत १३ तारखेच्या आत टाकायला सांगा, ती सोय त्याच्यासाठीच आहे. जी पार्टी दर महिन्याला रडवते तिचे टॅक्सचे पैसे बिल दिसेपर्यंत रोखून ठेवा, हे नातं तोडणं नाही, व्यवहार आहे. पण पूर्ण बिलाचे पैसे १८० दिवसांच्या पुढे थकवू नका, तसं झालं तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत जातं.

आयएमएस म्हणजे काय, तर तुमच्या नावाने आलेलं प्रत्येक बिल तिथे दिसतं आणि तुम्ही स्वीकारा, नाकारा किंवा बाकी ठेवा असं करू शकता. काहीच केलं नाही तर स्वीकारलं असं धरतात. म्हणून जे बिल तुमचं नाहीच ते मात्र नाकाराच, कोणीतरी चुकून नाहीतर मुद्दाम तुमचा नंबर टाकलेला असतो आणि नंतर खुलासा तुम्हाला करावा लागतो. क्रेडिट नोट नाकारताना दहादा विचार करा, तिचा बोजा परत समोरच्यावर पडतो.

जुलै २०२५ च्या रिटर्नपासून आणखी एक झालं, जीएसटीआर-१ मधून ३बी मध्ये येणारा टॅक्सचा आकडा हाताने बदलता येत नाही. आधी '१ मध्ये चुकलं तर ३बी मध्ये सांभाळून घेऊ' असं चालायचं, ते बंद. चूक सापडली तर ३बी च्या आधी जीएसटीआर-१ए भरून दुरुस्ती करायची.

जो टॅक्स आपणच भरायचा

रिव्हर्स चार्ज, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने टॅक्स भरायचा. कापसाच्या पट्ट्यात हा विषय मोठा आहे. नोंदणीकृत जिनिंगवाल्याने शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर ५ टक्के टॅक्स शेतकऱ्याने नाही, जिनिंगवाल्याने भरायचा, आणि तोही रोखीने, क्रेडिट लेजरमधून नाही. महिन्यात ८ लाखांचा कापूस घेतला तर ४० हजार रोख भरले, आणि त्याच महिन्यात त्याचं क्रेडिट घेतलं, गाठी विकताना ते वापरता येतं. पैसा फिरून येतो पण सीझनला खेळतं भांडवल लागतं, ते आधीच धरून चला. शेतकरी बिल देत नाही म्हणून बिल आपणच आपल्या नावाने फाडायचं, माल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. काट्याची पावती आणि पट्टी सोबत लावून ठेवा.

दुसरं दुकानभाडं. मालकाकडे नंबर नसेल आणि तुम्ही नंबरवाले असाल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावर १८ टक्के तुम्हीच भरायचे. १५ हजार भाडं, २,७०० महिना. क्रेडिट मिळतं, पण बरेच जण भरतच नाहीत आणि तीन वर्षांनी एकदम निघतं. कंपोझिशनवाल्यांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून सूट आहे.

तिसरं ट्रकभाडं, बिल्टी देणारा ट्रान्सपोर्टवाला असेल आणि तो स्वतः टॅक्स लावत नसेल तर ५ टक्के आपल्यावर. धान्य, डाळ, दूध, शेतमाल यांचं भाडं करमुक्त आहे.

नोटीस आली तर

घाबरू नका, पण मुदत मोजायला लगेच सुरुवात करा. टॅक्स ऑफिसचा माणूस दुकानावर कागद घेऊन येईल याची वाट बघू नका, नोटीस पोर्टलवर आणि मेलवर येते. नोंदणीतला मोबाईल आणि मेल तुमचा स्वतःचा आहे का ते आज बघा, किती तरी ठिकाणी तो जुन्या मुनीमजींचा असतो. लॉगिन करून 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' बघा आणि 'अ‍ॅडिशनल नोटिसेस' ही वेगळी जागा आहे तीही बघा, आठवड्यातून एकदा.

डीआरसी-०१सी ही नोटीस आली म्हणजे तुम्ही २बी पेक्षा जास्त क्रेडिट घेतलंय असं सिस्टिमला दिसतंय, ७ दिवसांत पैसे भरा नाहीतर कारण लिहा, दोन्ही केलं नाही तर पुढचं जीएसटीआर-१ अडतं, आणि मग तुमच्या गिऱ्हाईकांचं क्रेडिटही अडतं. एएसएमटी-१० (रिटर्नमधल्या तफावतीबद्दलची नोटीस) ला ३० दिवस. नोंदणी रद्द करायची नोटीस असेल तर फक्त ७ कामाचे दिवस. ऑर्डर विरोधात गेली तर अपील ३ महिन्यांत, वादातल्या टॅक्सच्या १० टक्के भरून. उत्तर देताना भावनेने चार पानं लिहू नका, मुद्द्याला मुद्दा, प्रत्येकाला कागद जोडा, आणि चूक खरंच आपली असेल तर टॅक्स आणि व्याज लवकर भरून टाका, २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी साध्या चुकीत नोटिशीनंतर ६० दिवसांत भरलं तर दंड लागत नाही.

वह्या, बिलं, ई-वे बिल सगळं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचं. आणि मागच्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट घ्यायची, बिलातल्या चुका दुरुस्त करायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या दिवशीच संपते. ऑक्टोबरचं ३बी म्हणजे २० नोव्हेंबरला भरतो ते, त्यातच हे सगळं घ्यायचं, त्यामुळे दसरा-दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरमध्येच, मागच्या वर्षाचं २बी पूर्ण जुळवून घ्या आणि ज्या पार्टीचं बिल तेव्हाही दिसत नाही तिला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तरी चालेल, पण कळवल्याचा पुरावा हाताशी राहू द्या.